शरद जोशी, पण नेमके कोणते? एक नाव, अनेक माणसे आणि त्यांची निरनिराळी कामे

तालिकाकार (धागाकर्ता)

एका सार्वजनिक ग्रंथालयात मी सुमारे तीस वर्षे पुस्तकांची तालिका, म्हणजे कॅटलॉग, तयार करण्याचे काम केले. संगणक येण्यापूर्वीची गोष्ट आहे. कृषी पदविकेचा एक विद्यार्थी कार्डांच्या खणातून "जोशी, शरद" हे कार्ड शोधून चिठ्ठी भरून आला. आमच्या शिपायाने कपाटातून पुस्तके काढून दिली. ती हिंदीत आहेत हे पाहून मुलगा जरा घुटमळला, तेव्हा शिपायाने "साहेबांनी हिंदीतही लिहिले असेल" अशी त्याची समजूत काढली. त्या पुस्तकांमध्ये 'एक था गधा उर्फ अलादाद खाँ' हे नाटक होते आणि शीर्षकात गाढव असल्यामुळे ते पशुपालनावरचे असावे, असे दोघांचेही एकमत झाले. दुसऱ्या दिवशी मुलगा परत आला आणि अतिशय गंभीरपणे म्हणाला, "सर, यात कांद्याच्या भावाबद्दल काहीच नाही."

चूक त्या मुलाची नव्हती, शिपायाचीही नव्हती. ती माझी होती. दोन स्वतंत्र माणसांची पुस्तके मी एकाच कार्डामागे लावून ठेवली होती. एक शरद जोशी म्हणजे १९३१ साली उज्जैनला जन्मलेले हिंदीतील व्यंगकार, ज्यांचे 'नवभारत टाइम्स'मधील 'प्रतिदिन' हे सदर वाचक आवर्जून वाचत आणि ज्यांनी दूरदर्शनसाठी 'ये जो है जिंदगी' ही मालिका लिहिली. ते १९९१ साली मुंबईत वारले. दुसरे शरद जोशी १९३५ साली साताऱ्यात जन्मलेले. भारतीय टपाल सेवेत अधिकारी आणि पुढे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघात नोकरी, असा त्यांचा सुखाचा प्रवास चालू होता. तो सोडून त्यांनी चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेतली आणि शेतकरी संघटना उभी केली. एक जण मनुष्यस्वभावाच्या विसंगती मांडत होता, दुसरा शेतमालाच्या भावातील. दोघांच्या वाक्यांना धार सारखीच होती, एवढे साम्य मात्र मला मान्य करावे लागते.

ग्रंथालयशास्त्राने या अडचणीवर फार पूर्वी उपाय शोधला आहे. डॉ. रंगनाथन यांच्या तालिका-संहितेत लेखकाच्या नावापुढे कंसात जन्मवर्ष देण्याची रीत आहे. ती मी शिकलो होतो, परंतु कामाच्या रेट्यात पाळली नव्हती. त्या दिवसापासून मी समान नावांची एक वेगळी वही ठेवू लागलो.

वही भरत गेली तशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सर्वाधिक घोळ पाटील, कुलकर्णी, जोशी, देशपांडे, देशमुख या आडनावांत होता. ही आडनावे मुळात गावगाड्यातील आणि परगण्यातील कामांची नावे आहेत. गावोगाव एक पाटील, एक कुलकर्णी आणि पंचांग सांगणारा जोशी असल्यामुळे, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या हजारो घराण्यांना एकच आडनाव लाभले. कुलकर्णी वतने १९५०च्या कायद्याने आणि मुलकी पाटलांची पदे १९६२च्या कायद्याने गेली. दप्तर तलाठ्याकडे आले, आडनाव मात्र घरात राहिले. उलट गावावरून पडलेल्या पाडगावकर, मंगेशकर, तेंडुलकर यांसारख्या आडनावांची पुनरावृत्ती माझ्या वहीत फारच थोडी आहे. म्हणजे पूर्वजांच्या कामाने ही माणसे एका नावात कोंबली आणि त्यांच्या स्वतःच्या कामाने त्यांना पुन्हा वेगळे केले.

आपल्या माहितीतील अशा जोड्या येथे लिहाव्यात. नाव पुरते सारखे असावे, माणसे सार्वजनिक जीवनातील असावीत आणि प्रत्येकाच्या कामाबद्दल दोन शब्द असावेत, एवढीच विनंती आहे.

पडदानशीन

धाग्याचा विषय आवडला. आपल्या आडनावाच्या सिद्धान्ताला पहिला पुरावा आमच्या चित्रपटसृष्टीतून देतो. सोनाली कुलकर्णी या नावाच्या दोन अभिनेत्री आहेत आणि दोघीही पुण्याच्या. एक 'दोघी'मधली, दुसरी 'नटरंग'मध्ये 'अप्सरा आली'वर नाचलेली. वर्तमानपत्रांनी काही काळ 'थोरली' आणि 'धाकटी' असे लिहून पाहिले. धाकटीने पुढे इंग्रजीत नावाची अक्षरे थोडी बदलून घेतली, पण देवनागरीत तो उपाय चालत नाही. अतुल कुलकर्णी हेही असेच नाव आहे. एक राष्ट्रीय पुरस्कारविजेते अभिनेते, दुसरे मुंबईतील पत्रकार, आणि पोलीस दलातही याच नावाचे एक भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी आहेत. मोहन जोशी हे अभिनेतेही आहेत आणि २०१९ साली पुण्यातून लोकसभा लढवलेले काँग्रेसचे नेतेही. त्यात सईद अख्तर मिर्झा यांनी १९८४ साली 'मोहन जोशी हाजिर हो!' असा पुकारा करून ठेवला, ज्यात हजर झाले ते भीष्म साहनी.

परंतु आडनाव नसतानाही घोळ होतो, याचे उदाहरण म्हणजे 'सुलोचना'. मूकपटांच्या काळातील सुलोचना म्हणजे पुण्यात जन्मलेल्या बगदादी ज्यू कुटुंबातील रूबी मायर्स. चित्रपटांत येण्यापूर्वी त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि पडद्यासाठी त्यांना हे भारतीय नाव देण्यात आले. १९७३चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. दुसऱ्या सुलोचनादीदी, म्हणजे खडकलाटच्या सुलोचना लाटकर. 'वहिनीच्या बांगड्या'मधील वहिनी होऊन त्या घरोघरी पोहोचल्या आणि हिंदीत नायकांच्या आईच्या भूमिका करत राहिल्या. तिसऱ्या लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण, पूर्वाश्रमीच्या कदम. एकीचा चेहरा होता पण आवाज नव्हता, कारण चित्रपट मुका होता. एकीचा आवाज होता आणि चेहरा पडद्यामागे होता. आणि मधल्या दीदींचे दोन्ही होते. रेडिओवर नुसते "सुलोचना" म्हटले, तर आमच्या घरी आईला एक आठवे आणि आजोबांना दुसरी. गंमत अशी, की 'रंगल्या रात्री अशा' या चित्रपटात सुलोचना चव्हाण यांनीच "नाव गाव कशाला पुसता" असा उलट प्रश्न केलेला आहे.

खाडीपलीकडचा

आमच्या रायगडात या विषयाकडे कोणी गंमत म्हणून पाहत नाही. २०१४च्या लोकसभा निवडणुकीत येथून अनंत गीते २,११० मतांनी निवडून आले आणि सुनील तटकरे पराभूत झाले. त्याच मतपत्रिकेवर सुनील तटकरे याच नावाचे एक अपक्ष उमेदवार होते आणि त्यांना ९,८४९ मते मिळाली. यातील किती मते चुकून पडली हे कोणीच सिद्ध करू शकत नाही. परंतु त्यानंतर कित्येक महिने पेणपासून श्रीवर्धनपर्यंत चहाच्या टपऱ्यांवर हीच वजाबाकी मांडली जात होती.

धागाकर्त्यांच्या म्हणण्याला कायद्याचाही आधार आहे, हे येथे सांगितले पाहिजे. निवडणूक संचालन नियम, १९६१ यांमध्ये अशी तरतूद आहे, की दोन किंवा अधिक उमेदवारांचे नाव एकच असेल, तर त्यांचा व्यवसाय किंवा राहण्याचे ठिकाण जोडून अथवा अन्य प्रकारे त्यांना वेगळे दाखवावे. म्हणजे नाव अपुरे पडले की काम विचारावे, हे नियम करणाऱ्यांनाही सुचलेले होते. व्यवहारात मात्र यंत्रासमोर उभा असलेला मतदार एवढे बारीक वाचत बसत नाही. म्हणूनच १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांत मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र छापण्याचा निर्णय आयोगाने घेतला. तरीही २०२४मध्ये दिंडोरीत भास्कर भगरे यांच्यासमोर बाबू भगरे नावाचे अपक्ष उभे होते आणि त्यांना एक लाखाहून अधिक मते पडली. तेथे नाव नव्हे, केवळ आडनाव सारखे होते आणि चिन्हातही साधर्म्य होते.

आमच्याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण अधिक मजेचे आहे. शेतकरी कामगार पक्षाचे जयंत पाटील अलिबागचे आणि राष्ट्रवादीचे जयंत पाटील इस्लामपूरचे, राजारामबापूंचे पुत्र. जुलै २०२४मध्ये विधान परिषदेच्या निवडणुकीत शेकापच्या जयंत पाटलांना शरद पवारांच्या पक्षाने पाठिंबा दिला होता आणि त्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष तेव्हा दुसरे जयंत पाटील होते. निकालाच्या संध्याकाळी "जयंत पाटील पराभूत" एवढेच वाचून आमच्या इस्लामपूरच्या पाहुण्यांनी मला सांत्वनाचा नव्हे, तर घाबरून चौकशीचा फोन केला होता.

कृष्णाकाठ

सांगलीचा असल्याने धागाकर्त्यांच्या सिद्धान्ताला अपवाद दाखवतो. गाडगीळ हे काही वतनाचे नाव नाही, तरीही सुधीर गाडगीळ दोन आहेत. पुण्याचे सुधीर गाडगीळ निवेदक आणि मुलाखतकार. समोरच्या पाहुण्याला बोलते करणे हे त्यांचे काम. आमचे सुधीरदादा गाडगीळ सराफी पेढीच्या घराण्यातील आणि २०१४पासून सांगलीचे आमदार. आमच्याकडे सत्काराच्या एखाद्या कार्यक्रमपत्रिकेवर नुसते "सुधीर गाडगीळ यांच्या उपस्थितीत" असे छापले, तर मुलाखत होणार की रस्त्याचे उद्घाटन होणार, हे पत्रिका हातात घेऊन विचारावे लागते.

गोष्ट येथेच संपत नाही. आमदारांचे कागदोपत्री नाव धनंजय. त्यामुळे नोंदवहीतून त्यांची पुण्याच्या निवेदकांशी गल्लत टळते, पण तेथे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ उभे असतात. गोखले अर्थशास्त्र संस्थेची धुरा त्यांनी वाहिली, प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विखे पाटलांना साथ दिली आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असताना राज्यांना केंद्रीय मदत वाटण्याचे ते प्रसिद्ध सूत्र दिले. अर्थात धनंजयराव १९७१ सालीच वारले असल्याने गोंधळ होण्याची शक्यता केवळ ग्रंथालयातच आहे.

जाता जाता राम कदम हे नाव नोंदवतो. मिरजेच्या मातीतले, 'पिंजरा'चे संगीतकार रामभाऊ कदम, आणि घाटकोपरच्या दहीहंडीमुळे गाजलेले आमदार राम कदम. ढोलकी दोघांच्याही वाट्याला आली, एवढेच म्हणतो.

तालिकाकार

कृष्णाकाठ यांचा अपवाद मान्य आहे. मी 'सर्वाधिक' असे म्हटले होते, 'सर्व' असे नव्हे.

सिद्धान्ताच्या बाजूने माझ्या वहीतील सर्वांत भरगच्च पान देतो. ते चंद्रकांत पाटील यांचे आहे. पहिले कवी, समीक्षक आणि हिंदी कवितेचे मराठीत येणे-जाणे सुकर करणारे अनुवादक. दुसरे मूळचे कोल्हापूरचे, २०१९पासून कोथरूडचे आमदार आणि राज्याचे मंत्री. तिसरे मुक्ताईनगरचे आमदार. चौथे सी. आर. पाटील, म्हणजे पुन्हा चंद्रकांतच. मूळचे खानदेशातले, तरुणपणी गुजरात पोलिसांत शिपाई, पुढे नवसारीचे खासदार आणि २०२४पासून केंद्रात जलशक्ती मंत्री. राज्याची सीमा ओलांडताच नावाची आद्याक्षरे झाली आणि गल्लत आपोआप मिटली. आमच्याकडे पुस्तके पहिल्यांचीच होती, परंतु ती मागायला येणाऱ्यांपैकी काहींना "मंत्री कविता करतात?" या कुतूहलानेच ग्रंथालयाची पायरी चढावीशी वाटली होती. आम्ही त्यांचा गैरसमज पुस्तक हातात दिल्यानंतरच दूर करत असू.

दरबारी

शाहू महाराजांचा उल्लेख अद्याप कोणी केला नाही, याचे नवल वाटते. साताऱ्याचे छत्रपती शाहू (१६८२–१७४९) हे संभाजीराजांचे पुत्र, मोगलांच्या कैदेत वाढलेले आणि बाळाजी विश्वनाथ, बाजीराव व नानासाहेब या तीन पिढ्यांना पेशवेपद देणारे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू (१८७४–१९२२) हे कागलच्या घाटग्यांच्या घरातील यशवंतराव. १८८४ साली दत्तक आल्यावर त्यांचे नाव शाहू झाले आणि १९०२ साली त्यांनी नोकऱ्यांमध्ये निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी शिकवतो. "शाहूंनी बाजीरावास पेशवेपद दिले आणि वसतिगृहे काढली" हे वाक्य मी स्वतःच्या डोळ्यांनी उत्तरपत्रिकेत पाहिले आहे.

टाळ-चिपळ्या

वरील सर्व उदाहरणांत निदान छायाचित्र, जन्मवर्ष किंवा मतदारसंघ हाताशी आहे. ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नाही, त्यांच्याबाबतीत काय होते, हे पाहायचे असेल, तर नामदेवांची गाथा उघडावी.

तेराव्या-चौदाव्या शतकातील संत नामदेव, ज्ञानदेवांचे सोबती, तीर्थयात्रा करत पंजाबपर्यंत पोहोचले. त्यांच्या नावावरील ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांच्यानंतर दोन-अडीचशे वर्षांनी, साधारणपणे एकनाथांच्या काळात, विष्णुदास नामा नावाचे दुसरे कवी झाले, ज्यांनी महाभारत ओवीबद्ध केले. दोघेही अभंगाच्या शेवटी 'नामा म्हणे' असेच म्हणणार. नावाआधी 'विष्णुदास' आले की प्रश्न सुटला, असे कोणी म्हणेल. परंतु विष्णूचा दास हे बिरुद थोरल्या नामदेवांच्या अभंगांतही येते, त्यामुळे ती खूणही खात्रीची नाही. वह्या हाताने उतरवणाऱ्यांनी नाममुद्रा एक दिसताच अभंग एकत्र लिहिले आणि छापील गाथांनी तेच पुढे चालवले. कोणता अभंग कोणाचा, हे अभ्यासकांना आजही भाषेच्या वळणावरून, संदर्भांवरून आणि हस्तलिखिताच्या जुनेपणावरून ठरवावे लागते. असा संशय ज्ञानदेवांनाही चुकला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' या टोपणनावाने लिहिणाऱ्या अभ्यासकाने ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव वेगळे आणि अभंग लिहिणारे वेगळे, असे मांडून 'सुधारक' या साप्ताहिकाच्या वाचकांत मोठी खळबळ उडवली होती. मला स्वतःला तो युक्तिवाद पटत नाही, पण त्यामुळे अभंगांकडे बारकाईने पाहण्याची सवय लागली, हे नाकारता येणार नाही.

धागाकर्त्यांच्या मुद्द्याला येथे एक जोड द्यावीशी वाटते. वारकऱ्यांनी आपल्या संतांना कसे ओळखले, ते पाहा: गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. नामदेव स्वतः 'नामा शिंपी'. मडके, मळा, दागिना, वस्तरा आणि सुई यांच्या आधाराने ही नावे सातशे वर्षे एकमेकांत न मिसळता टिकली. यांतील पुष्कळ कामे अभंगांत उपमा होऊन येतात आणि सावता माळी तर "कांदा मुळा भाजी" यांतच विठाई पाहतात. शरद जोशींच्या कांद्याचा शोध घेणाऱ्या त्या विद्यार्थ्यास हा अभंगही चालला असता.

बांधावरून

मी प्रसिद्ध नाही आणि माझे नाव येथे लिहीत नाही, परंतु आमच्या गावात माझ्या नावाचे, माझ्या आडनावाचे आणि वडिलांचेही नाव तेच असलेले आणखी एक गृहस्थ आहेत. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीने दोन भाऊबंदांच्या घरांत तीच दोन नावे पिढ्यानपिढ्या आलटून पालटून येत राहिली. गावात अडचण कधीच आली नाही. ते टेलर आणि मी शेती करणारा, म्हणून ते "मशीनवाले" आणि मी "मळ्यातला". पोस्टमन पत्रावरचे अक्षर पाहूनच कोणाचे ते ओळखत असे; शहरातून आलेले टंकलिखित पाकीट मशीनवाल्यांचे, कारण त्यांचा मुलगा नोकरीला होता.

अडचण आली ती कागदावर. त्यांनी एका पतसंस्थेकडून शिलाई यंत्रांसाठी कर्ज काढले आणि त्याचा बोजा माझ्या सात-बाराच्या इतर हक्कांत चढला. मला हे कळले ते पीककर्जाला उतारा जोडताना. मग अर्ज, पंचनामा, दोघांचे जबाब आणि आम्ही दोन वेगळी माणसे असल्याचे प्रतिज्ञापत्र, असे सर्व सोपस्कार झाले. जबाब देताना आम्ही दोघे शेजारी बसलो होतो. अधिकाऱ्यांनी नाव पुकारले आणि आम्ही दोघेही एकदम उठलो. ते पाहून त्यांनी हसत हसत विचारले, "यांतला शिंपी कोण?" बोजा उतरायला आठ महिने लागले. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांवर आईचे नावही येणार आहे, त्यामुळे आमच्या नातवंडांवर तरी ही वेळ येणार नाही, अशी आशा आहे. परंतु आमच्या दोघांच्याही आईंचे नाव लक्ष्मीबाई होते, हेही नमूद करतो.

तालिकाकार

'बांधावरून' यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. रंगनाथनांच्या जन्मवर्षापेक्षा "मशीनवाले" आणि "मळ्यातला" ही तालिका अधिक भरवशाची आहे.

'टाळ-चिपळ्या' यांना कळवतो, की नामदेवांच्या गाथेसाठी मी एकच कार्ड केले होते आणि त्यावर "विष्णुदास नामा हेही पाहावे" अशी सूचना लिहिली होती. न सुटलेला प्रश्न सुटला असे दाखवण्यापेक्षा वाचकाला दोन्ही दारे दाखवून द्यावीत, एवढाच त्यामागे विचार होता.

ज्या पुस्तकापासून हा धागा सुरू झाला, त्याविषयी थोडे राहिले आहे. 'एक था गधा' हे नाटक मी त्या प्रसंगानंतर कुतूहलाने वाचले. त्यात अलादाद खाँ हे एका धोब्याच्या गाढवाचे नाव आहे. गाढव मरते, दरबारात बातमी माणूस मेल्याची पोहोचते आणि आपण सामान्य माणसाच्या प्रेताला खांदा देणार, असे नवाबसाहेब जाहीर करून बसतात. मग चूक झाकण्यासाठी त्याच नावाचा जिवंत माणूस शोधून मारला जातो. समान नावामुळे होणाऱ्या घोटाळ्यावरचे इतके कडवट लेखन मी दुसरे वाचलेले नाही आणि नेमके तेच माझ्या चुकीने भलत्या शरद जोशींच्या नावावर गेले होते.

कार्डे मी तेव्हाच वेगळी केली. पुढे संगणकीकरणात सर्व कार्डांची नोंद करून घेतली गेली तेव्हा जन्मवर्षाचा रकाना रिकामाच सोडला गेला आणि दोन्ही शरद जोशी पुन्हा एक झाले. निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात बसून मी १९३१ आणि १९३५ हे आकडे एकेका नोंदीत भरले. गेल्या महिन्यात ग्रंथालयात गेलो होतो. लेखकाच्या नावाने शोधले, तर आता दोघे वेगळे दिसतात. विषयाच्या रकान्याकडे मात्र मीही पाहिले नव्हते. तेथील नव्या मुलीने पडदा माझ्याकडे वळवून दाखवले, की अलादाद खाँ अजूनही पशुपालनातच आहे.